खळ्याची फेरी

“याचं नाव काय?” मॅरिसेलनं विचारलं, आणि वीणाचे हात होते तिथेच थांबले. लेझीम अर्धवट उघडी, उजवा पाय मागं ओढून आणलेला, मान डावीकडं. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका आणि हॉलमध्ये एसीची घरघर. प्रश्नात वावगं काहीच नव्हतं. मॅरिसेल प्रत्येक गोष्टीचं नाव विचारायचीच. आत्ताच तिनं ‘चार आवाज’, ‘बैठक’, ‘पवित्रा’ ही नावं आपल्या गोल, मऊ उच्चारात घोळवून पाठ केली होती, आणि तिच्या तोंडचा ‘पवीतरा’ ऐकून वीणा हसलीही होती. पण आता जे झालं ते वीणानं दाखवायचं ठरवलेलं नव्हतं. पवित्रा संपला आणि पुढं काय हे डोक्यानं ठरवायच्या आत अंगानंच ते सुरू केलं. लेझीम डाव्या गुडघ्यापाशी खाली, अर्धी गिरकी, मागचा पाय जमिनीला घासत, मग लेझीम छातीशी घट्ट मिटलेली, एक ठोका गिळून टाकलेला, आणि त्या गिळलेल्या ठोक्यानंतर एकदम दोन आवाज. स्वतःची शाळा सुटल्यापासून तिनं ते कधी केलं नव्हतं. इतकी वर्षं ते अंगात कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. आणि त्याला नाव नव्हतं. उदगीरच्या कन्याशाळेत सगळ्या मुली त्याला ‘ते’ म्हणायच्या. हिप्परगेकर सर तोंडातली शिट्टी काढून म्हणायचे, “हां, आता ते.” एवढंच.

मॅरिसेल जमिनीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा ऐकायला तयार होता. तो चेहराच वीणाला नडला. मॅरिसेलच्या बोटाएवढ्या नाचालाही गाव असायचं. हा अमुक बेटावरचा, हा भात लावणाऱ्यांचा, हा पक्ष्याच्या चालीचा, हा अमक्या म्हातारीकडून घेतलेला. तिच्या देशात पहिलीच्या पोरांना म्हणे चालणं, उडी, झोका अशी तालाची बाराखडी शिकवतात, आणि मग शाळाभर वर्गावर्गाला वाढत जाणारे नाच. शंभर वर्षांपूर्वी तिकडं कुणी एक शिक्षिका गावोगाव हिंडली, पाय कुठं पडतो, हात कुठं जातो हे टिपत राहिली, आणि ते सगळं व्यायामाच्या तासात येऊन बसलं. कसरतीच्या तासात नाच! वीणानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं आणि कौतुकाच्या खाली काहीतरी आंबट. आपल्याकडं नव्हतं का? होतं की. पण सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर, पंधरा दिवसांत उरकून टाकायचं, मग लेझमी पोत्यात भरून माळ्यावर.

“खळ्याची फेरी,” वीणा म्हणाली.

शब्द बाहेर पडला तेव्हा तिलाच तो ओळखीचा वाटला. मग त्याला हातपाय फुटत गेले. ज्वारीची कापणी झाली की आमच्या भागातल्या बायका खळ्याभोवती फेर धरतात. मागं पाय घासतो तो कणसं मळल्यासारखा. आणि तो गिळलेला ठोका? “तिथं बायका थांबतात,” वीणा म्हणाली, “बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकायला.” मॅरिसेलनं डोळे मिटले. ती घंटा ऐकत होती. “किती सुंदर,” ती म्हणाली. आणि वीणालाही त्या क्षणी वाटलं, खरंच, किती सुंदर.

शाळा खाजगी होती, आखातातली, भारतीय मुलांची. वीणा तिथं अकरा वर्षं पी.टी. शिकवत होती. ओळी करा, हात वर, थ्रोबॉल, शिट्टी. गॅदरिंग जवळ आलं की कुणीतरी सिनेमातलं गाणं लावायचं आणि पोरं कमरा हलवायची, त्यात पी.टी.च्या बाईंचं काम म्हणजे रांगा सरळ ठेवणं. मग मॅरिसेल आली. विषयाचं नाव बदललं, ‘रिदमिक मूव्हमेंट’ झालं, हॉलमध्ये लांब बांबू आले. सुलैबियाच्या बाजारामागच्या आवारात मॅरिसेल स्वतः जाऊन ते निवडून आणायची, वाजवून बघून, टरबूज घेतात तसे. दोघांनी बांबू धरायचे, जमिनीवर दोनदा आपटायचे, तिसऱ्यांदा एकमेकांवर, आणि मधून नाचणाऱ्याचे पाय सुटले पाहिजेत. तीनाचा ताल. वीणाचं अंग चारावर पोसलेलं. शिक्षकांच्या शिबिरात तिनं पहिल्यांदा त्यात पाय टाकला आणि घोट्यावर असा दणका बसला की डोळ्यांपुढं काजवे. सगळे हसले. मॅरिसेल हसली नाही, तिनं फक्त म्हटलं, “तू मोजतेयस. मोजू नकोस.” ते न हसणंच वीणाला जास्त लागलं होतं. आणि यंदा प्रिन्सिपल मॅडमनी बैठकीत सांगितलं, “मॅरिसेल, या वेळी काहीतरी इंडियन बसव. वीणा तुला हेल्प करेल.” हेल्प! घरी येताना बसमध्ये ती हा शब्द चघळत राहिली. खिडकीबाहेर धूळ होती, फहाहीलच्या घरापर्यंत रस्त्याची कड दिसत नव्हती, आणि तिला वाटलं, आपण आयुष्यभर कुणाची तरी रांग सरळ करत आलो.

खळ्याच्या फेरीचं तिनं घरी सांगितलं तेव्हा नवरा, अरुणकुमार, मोबाइलवर बँकेचं काहीतरी बघत होता. “नाव चांगलंय,” तो म्हणाला. “तुमच्याकडं असं काही असतं हे कधी बोलली नाहीस.”

“नसतंच. मी आत्ता केलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाव केलं. नाच आहे, नाव नव्हतं.”

“मग काय बिघडलं? नाव ठेवल्याशिवाय मूल शाळेत घेतात का?” तो पुण्याचा, आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडं असा एक तयार हिशेब असायचा. तो चुकीचाही नसायचा, म्हणून जास्त राग यायचा. आर्या सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. तिला या नाचात घेतलं होतं. “आई, मिस मॅरिसेलनं आम्हाला स्टोरी सांगितली. द बेल्स पार्ट. इट्स सो कूल.” वीणानं कुकरचं झाकण लावलं. पोरीनं आजवर उदगीरबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आता विचारला तो बैलांच्या घंटांबद्दल.

तालीम सुरू झाली आणि नाच छान होत गेला, हीच अडचण होती. वाईट झाला असता तर आपोआप गळून पडला असता. अरुणकुमारनं दिवाळीनंतर भारतातून येताना लेझमींची पेटी आणली होती. विमानतळावर कस्टमवाल्यानं एक उचलून हलवली, “शिनू हाझा?” म्हणजे हे काय, आणि त्या छुनछुनाटानं सगळी रांग वळून बघायला लागली. त्याला हे कसं समजावणार? अरुणकुमारनं दंडाचा व्यायाम करून दाखवला, तो हसला, खलास, जाऊ दिलं. त्या लेझमी आता केरळच्या, गुजरातच्या, हैदराबादच्या पोरींच्या हातांत होत्या आणि वीणा त्यांच्या मनगटांवरून फिरत होती. तिच्या लक्षात आलं, आपण बोलत नाही आहोत. मुलगी चुकली की आपण तिच्या मागं जाऊन उभ्या राहतो आणि तिच्या कानाशी आपली लेझीम वाजवत राहतो, तिचं मनगट जागं होईपर्यंत. हे कुणाचं? सर असंच करायचे. हिप्परगेकर सर किडकिडीत, खाकी पँट, चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला. त्यांच्या अंगाला खडू आणि कडुनिंबाच्या काडीचा वास यायचा. शाळेत त्यांना मान असा नव्हताच. गणिताच्या बाई त्यांना पाठीमागं ‘छुनछुन मास्तर’ म्हणायच्या, आणि पाऊस आला की त्यांचा तास काढून त्यांना शिपायाबरोबर गळक्या वर्गातली बाकं हलवायला लावायचे. वीणाला त्यांचं हसणं आठवेना. खूप प्रयत्न केला, पण त्या जागी नुसती शिट्टीच दिसली.

ओंकार बिडवे तालमीला आला तो अशाच एका दुपारी. त्याची मुलगी नाचात होती आणि तो मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचा सगळा भार वाहायचा. बँकेतला मोठा हुद्दा, गळ्यात अजून ओळखपत्राचा पट्टा. औसा तालुक्यातला, पण सगळं शिक्षण वसतिगृहांतून झालेलं, आणि बोलायचा तो स्वच्छ, घासलेली मराठी. तो भिंतीशी उभा राहून बघत होता. पोरींनी लेझमी छातीशी मिटल्या, ठोका गिळला, आणि दोन आवाज झाले तसा तो पुढं आला. डोळे भरलेले.

“वीणाताई, हे तुम्ही कुठून उकरून काढलंत?”

“का हो?”

“अहो, माझी आजी करायची हे. खळ्यावर. आज किती वर्षांनी…” त्याला पुढं बोलवेना. “तो मधला थांबा बघा, तो अगदी तस्साच.”

वीणा त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं हा थट्टा करतोय. पण थट्टा करणाऱ्या माणसाचे डोळे असे भरून येत नाहीत. “नक्की आठवतंय तुम्हाला?” तिनं विचारलं. “म्हणजे काय! हिरवं लुगडं होतं तिचं,” तो म्हणाला आणि मॅरिसेलकडं वळून त्यानं इंग्रजीत सगळं परत सांगितलं, लुगड्याच्या रंगासकट. मॅरिसेलनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तिला साक्षीदार मिळाला होता. वीणाच्या अंगाला घाम फुटला, एसीत. आपण एक खोटं बोललो, ते ठीक. पण आता त्या खोट्याला नातू झाला. आणि मंडळाच्या कार्यक्रमातही हे ठेवायचं ठरलं, मॅरिसेल पुढच्या महिन्यात आपल्या देशातल्या शिक्षकांना सबाह अल-सालेम वस्तीतल्या हॉलमध्ये शिकवणार, त्यातली एक सुट्टीत गावी गेली की तिथल्या कॉलेजात नेणार. खळ्याची फेरी समुद्र ओलांडायला निघाली होती आणि उदगीरच्या आसपासच्या कुठल्याही खळ्यावर तिला कुणी ओळखत नव्हतं. ज्वारीची खळीच आता कुठं राहिलीत? यंत्रं आली, डांबरी रस्त्यावर कणसं टाकून ट्रकखाली मळतात. उद्या कुणी विचारायला गेलं तरी ‘असेल पूर्वी’ म्हणतील. हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. खोटं पकडलं जाण्याचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

रंगीत तालमीला प्रिन्सिपल मॅडम पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांना तो मिटलेला ठोका रिकामा वाटला. “तिथं काहीतरी हवं. हात वर घ्या ना लेझमीसकट. सगळ्या एकदम वर! फोटो छान येईल.” मॅरिसेलनं विचार केला, मग अदबीनं म्हणाली, परंपरेत थांबा आहे, पण वीणाला विचारू. आणि वीणा ओरडली, “नाही!” एवढ्या जोरात, की पोरींच्या लेझमी आपसूक वाजल्या. “हात वर नाही घ्यायचे.” का नाही, ते तिला सांगता येईना. मॅडमनी भुवया उंचावल्या. आर्यानं मान खाली घातली, आईची लाज वाटल्यावर घालायची तशी. वीणा पाणी प्यायला म्हणून बाहेर पडली, मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली, आणि तिथं, नळाच्या गरम पाण्याखाली मनगटं धरलेली असताना, तिला ते आठवलं. अगदी स्वच्छ, जसं काही कुणी पाटी पुसून लिहिली.

हात वरच होते. मुळात वरच होते. शाळेमागच्या मैदानात, बाभळीच्या सावलीच्या कडेला, थंडीच्या दिवसांत सरांनी ते बसवलं. रोज थोडं. स्वतःच करून बघायचे, मान हलवायचे, परत करायचे. खालून गिरकी घेत लेझीम वर जायची, डोक्यावर, दोन्ही हात ताठ, आणि वर एक आवाज व्हायचा. नववीच्या मुली होत्या सगळ्या. कुणाच्या तरी वडलांनी कुंपणापलीकडून बघितलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मैदानात आल्या आणि मुलींसमोरच सरांना म्हणाल्या, “वाढत्या वयाच्या मुली काखा दाखवत उभ्या करता? तुम्हाला काही लाज?” सरांनी शिट्टी मुठीत घेतली. वीणा पहिल्या रांगेत होती. तिनं त्यांचे कान लाल झालेले बघितले. बाई गेल्यावर कुणीतरी विचारलं, सर, मग तिथं काय करायचं? सरांनी लेझीम छातीशी मिटली. मग म्हणाले, “काही नाही करायचं. तेवढा आवाज मनात म्हणा.” त्यांनी त्या जागी दुसरं काही घातलं नाही. भरपूर घालता आलं असतं, टाळी, गिरकी, काहीही. जागा तशीच रिकामी ठेवली, आणि पोरी रोज त्या जागेवर येऊन थांबायला लागल्या. तेव्हापासून त्याला नाव पडलं नाही. ‘ते’.

वीणानं आरशात बघितलं. डोळ्यांखाली काळं, केसांच्या मुळाशी पांढरं. आपण बैल आणले, घंटा आणल्या, लुगडी नेसलेल्या बायका आणल्या, आणि त्या माणसाला तेवढं मैदानातून हाकलून दिलं. मोठ्या बाईंनी तरी नुसते हात खाली करायला लावले होते.

त्या संध्याकाळी मॅरिसेलला तिनं गाडीतच सांगितलं. अरुणकुमारची गाडी त्या दिवशी तिच्याकडं होती, मॅरिसेल सबाह अल-सालेमला उतरायची. सिग्नल संपत नव्हते. वीणानं सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या क्रमानं, आधी काखा, मग सर, मग खळं. मॅरिसेल ऐकून घेत होती. तिच्या मांडीवर डब्याची पिशवी होती, तिचे बंद ती बोटाला गुंडाळत होती.

“म्हणजे एक माणूस होता,” शेवटी ती म्हणाली. “आणि तू त्याला काढून टाकलंस.”

“मला वाटलं, पी.टी.च्या सरांनी शाळेच्या मागं बसवलेलं काहीतरी… ते कुणाला हवंय? तुझ्या प्रत्येक नाचाला गाव आहे, मॅरिसेल. शेकडो वर्षं आहेत.”

“शेकडो वर्षं कोण म्हणालं?” मॅरिसेल एकदम तापली. वीणानं तिला तापलेलं कधी बघितलं नव्हतं. “माझी लोला, माझी आजी, तिच्याकडून एक नाच राजधानीतल्या मंडळींनी नेला. रंगमंचावर आणला. पाय दुप्पट वेगानं, घागरे रेशमी. तिला टीव्हीवर दाखवला. ती म्हणाली, छान आहे, कुठल्या लोकांचा आहे गं हा? म्हणून आम्हाला शिकवतात. आधी सांगायचं कुणाकडून घेतला. गाव नंतर. गाव तर कुणीही सांगतं.” मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. “मी मिस्टर बिडवेंचा हात धरला,” ती पुटपुटली. “मी त्यांच्या आजीसाठी रडले.”

दुसऱ्या दिवशी दोघी प्रिन्सिपल मॅडमकडं गेल्या. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग निमंत्रणपत्रिका पुढं सरकवली. त्यावर छापलेलं होतं: मराठवाड्यातील स्त्रियांचे पारंपरिक सुगीनृत्य. “दूतावासातून पाहुणे येताहेत, वीणा. मंडळानं स्वतः खात्री दिलीय, मिस्टर बिडवेंनी ओळखलंय ना? आणि तू म्हणतेस तसं कुठल्या शाळेतल्या सरांनी… कम्पोज्ड बाय अ पी.टी. टीचर असं लिहायचं का?” त्या हसल्या, दुष्टपणे नव्हे, उलट समजूत घातल्यासारखं. “तू ओव्हरथिंक करतेयस. तू दमलीयस.” बाहेर आल्यावर मॅरिसेल म्हणाली, “मी माझ्या लोकांना हे शिकवणार नाही.” आणि आपल्या बांबूंकडं निघून गेली. वीणा कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. तिला कुणावर तरी रागवायचं होतं. पण ज्याच्यावर रागवावं त्याच्या हातात तिनंच रचून दिलेली गोष्ट होती.

कार्यक्रम झाला. निवेदिकेनं बैलांच्या घंटांसकट सगळं सांगितलं. पोरी हिरव्या साड्यांत आल्या. साडीचा रंग ओंकार बिडवेनं सुचवला होता. पडद्यामागून वीणाला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. त्या मिटलेल्या ठोक्याला सगळा हॉल गप्प झाला, खरोखर गप्प, लहान मूलसुद्धा रडलं नाही, आणि त्या एका क्षणात वीणाचे हात नकळत वर उचलले गेले आणि पडद्याच्या दोरीत अडकले. मग दोन आवाज आणि टाळ्या. टाळ्या थांबेचनात. मॅरिसेल पलीकडच्या विंगेत उभी होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, पोरींकडं बघत. वीणाकडं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये गर्दी होती, गाड्यांच्या दिव्यांत धुळीचे कण तरंगत होते. ओंकार बिडवे तिला शोधतच आला. बरोबर त्याची आई, व्हिजिटवर आलेली, नऊवारीवर मुलाचं जाड जाकीट घातलेली, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

“आई, या वीणाताई. यांनीच केलं सगळं.”

म्हातारीनं वीणाचं मनगट धरलं. हात कोरडा आणि उबदार होता. “लई ग्वाड झालं माय. कुणी बसवलं हे?”

दोन महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. वीणा बोलायला लागली, भरभर, गाड्यांच्या हॉर्नवरून आवाज चढवत. “आमच्या सरांनी बसवलं, मावशी. हिप्परगेकर सर. उदगीरच्या कन्याशाळेत होते. हे खळ्यावरचं नाही. खळ्याचं मी मनानं सांगितलं, खोटं सांगितलं. ओंकारराव, तुम्हीही ऐका. तुमच्या आजी हे करत नसणार. हे मैदानात बसवलेलं आहे, माझ्यासमोर. मी पहिल्या रांगेत होते.”

ओंकार हसला. मोठ्या मनानं, तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखं हसला. “ताई, तुमचा हा स्वभाव! सगळं श्रेय गुरूला देऊन मोकळ्या. अहो, सरांनी बसवलं असेल, पण सरांनी तरी कुठून घेतलं? आपल्याच बायकांकडून ना? मी डोळ्यांनी बघितलंय.”

“तुम्ही नाही बघितलेलं!”

“आई, तू सांग. आजी करायची ना गं? हिरवं लुगडं?”

म्हातारीनं मुलाकडं बघितलं. मग वीणाकडं. “करत आसंल बाबा,” ती सावकाश म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी ओंकारला हाक मारली, तो अभिनंदन घ्यायला दोन पावलं पलीकडं गेला, आणि म्हातारी वीणाच्या कानाशी वाकली. “माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेली. म्याबी बगितली न्हाई तिला, ह्यो कुटून बगतोय? घरात एक फोटू हाय, त्यो बी काळापांढरा.” तिनं वीणाचं मनगट सोडलं नाही. “ल्हानपनीच हास्टेलात टाकला माय त्याला. गावचं त्याच्यापाशी काईच न्हाई. आता सापडलंय म्हनतोय, तर ऱ्हाऊ द्या.”

“पण माझे सर, मावशी,” वीणा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याचाच तिला संताप आला.

“त्येंचंबी खरंच की,” म्हातारी म्हणाली.

ओंकार परत आला तो उजळलेला. “ताई, आत्ता एकदम आठवलं! याला गाणं होतं. मंडळाच्या वेळी गाण्यासकट करू. खळं सारवलं गं बाई, खळं सारवलं…” तो हातानं ताल धरत तिथंच गायला लागला, शाळेच्या पार्किंगमध्ये, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्याचा आवाज चांगला होता. “खळं सारवलं… पुढं काय गं आई?” म्हातारीचे ओठ हलले, विरघळलेलं काहीतरी गोळा करावं तसे, की नसलेलं जुळवावं तसे, वीणाला सांगता आलं नसतं. मग ती बारीक, फाटक्या, पण सुरात असलेल्या आवाजात म्हणाली, “आडवा आला वारा माय, भुसकट पांगवलं.”

“बघा!” ओंकार ओरडला. “बघा ताई!”

अरुणकुमारनं हॉर्न वाजवला. वीणा गाडीत बसली, पट्टा ओढला, तो अडकला, परत ओढला, परत अडकला. “झालं ना छान?” अरुणकुमार म्हणाला. “चेहरा का असा?” तिनं तिसऱ्यांदा ओढून पट्टा लावला. गाडी फहाहीलच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर आर्या, अजून हिरव्या साडीत, खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरून काहीतरी गुणगुणत होती. वीणाला आधी वाटलं काहीतरी इंग्रजी. मग शब्द कानावर आले. खळं सारवलं गं बाई. ळ तिला जमत नव्हता, तो ती मुद्दाम, जीभ मागं नेऊन, पुन्हा पुन्हा करून बघत होती. घरात हाक मारली तरी ‘येस’ म्हणणारी पोर. आडवा आला वारा माय.

“आर्या, बंद कर ते.”

“व्हाय? इट्स अवर साँग.”

“गाऊ दे की गं,” अरुणकुमार म्हणाला. “एवढं मराठी गातेय.”

वीणा पट्टा सोडून सीटवर पूर्ण मागं वळली. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आर्याच्या तोंडावरून जात होते. कपाळावरची मोठी टिकली घामानं एका बाजूला सरकली होती. तिनं गाणं थांबवलं नव्हतं, नुसती आईकडं बघत होती, आता आणखी काय चुकलं अशा नजरेनं. “ऐक,” वीणा म्हणाली. “हिप्परगेकर नावाचे आमचे एक सर होते.” गाण्याच्या वरून ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. “आर्या. ऐकतेयस का? हात वर कर. दोन्ही. अगं, आधी हात वर कर, मग सांगते.”